मनोरंजनावर चालणाऱ्या शहरात रंगमंच-तंत्रज्ञ म्हणून सुरुवात: पेट्या ढकलण्यापुढे वाट आहे का?

विंगेतला नवखा:

नमस्कार. नाट्यशास्त्राचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून चार महिन्यांपूर्वी मी अशा एका शहरात राहायला आलो आहे, ज्याचे पोटच मनोरंजनावर चालते. मोठ्या हॉटेलांतले वर्षानुवर्षे चालणारे प्रयोग, करमणूक उद्याने, दौऱ्यावर येणाऱ्या गायकांचे जलसे, कंपन्यांची अधिवेशने आणि या सगळ्यांच्या सावलीत तग धरून असलेली दोन-चार छोटी नाट्यगृहे, असा इथला पसारा आहे. शिकत असताना प्रकाशयोजना हा माझा मुख्य विषय होता. अकरा नाटकांसाठी मी दिवे टांगले व चालवले, त्यांपैकी चार नाटकांची प्रकाशयोजना माझी स्वतःची होती, आणि गरज पडेल तेव्हा नेपथ्याच्या सुतारकामालाही हात लावला.

इथे आल्यापासून चाळीस ठिकाणी अर्ज केले. तीन उत्तरे आली. त्यांतली दोन सौम्य शब्दांतले नकार होते आणि तिसरे माणसे पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचे. त्याच्याकडून गेल्या दोन महिन्यांत मला नऊ रात्री काम मिळाले. रात्री अकरा ते सकाळी सात ट्रक रिकामे करायचे, चाकांच्या पेट्या उतारावरून आत न्यायच्या आणि पहाटे त्याच पेट्या परत भरायच्या. दिवे माझ्या हातून शेकड्यांनी गेले, पण सगळे पेटीत बंद असलेले.

या कामाची मला लाज वाटत नाही. भीती एवढीच आहे की, आपण एकदा ‘पेट्या ढकलणारा’ म्हणून नोंदलो गेलो, तर पुढे कोणी दिवे चालवायच्या कन्सोलजवळ उभे करणार नाही. ही वाट पुढे कुठे जाते का, की मी छोट्या नाट्यगृहांतच शिरकाव करायला हवा होता? प्रकाशयोजना धरून बसावे, की ध्वनी, व्हिडिओ, वजने टांगण्याचे काम असे सगळे थोडे थोडे शिकून घ्यावे? आणि प्रमाणपत्रांवर पैसे घालावेत का? एका प्रशिक्षण संस्थेची जाहिरात पाहिली; शुल्क माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याइतके आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तिसरी घंटा:

चाळीस अर्जांना तीन उत्तरे, हे प्रमाण वाईट नाही. या धंद्यातल्या जागा जाहिरातीपर्यंत क्वचितच पोहोचतात. त्यामागचे कारण एकदा लक्षात आले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते, म्हणून आधी तेच सांगतो.

कायमस्वरूपी प्रयोगात पडद्यामागच्या प्रत्येक माणसाची हालचाल नटाच्या हालचालीइतकीच बांधलेली असते. अमुक गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला डाव्या विंगेत यायचे, बॅटरी जमिनीकडे धरून नर्तकीला पायऱ्यांवरून उतरवून घ्यायचे, तिचा झगा मदतनिसाकडे द्यायचा आणि त्यानंतर वीस सेकंदांत मागून फिरून उजवीकडच्या दोरापाशी हजर व्हायचे, हे सगळे कागदावर लिहिलेले असते आणि रोज तसेच घडावे लागते. अशा साखळीतला एक माणूस दुपारी तीन वाजता आजारी पडला, तर विभागप्रमुखाला सात वाजेपर्यंत त्या जागी दुसरा उभा करायचा असतो. अर्जांची फाइल चाळायला त्याला वेळ नसतो. तो फोनमधली ओळखीची नावे पाहतो. नव्या माणसाचा प्रवेश बहुधा अशाच एखाद्या गळतीतून होतो. म्हणून अर्ज पाठवत राहा, पण खरा प्रयत्न त्या फोनमध्ये नाव जाण्यासाठी करा. आणि ते नाव कुठून जाते, तर आपण ज्या मालधक्क्यावर नऊ रात्री काढल्या, तिथूनच.

प्रमुख मंडळी तिथे काय पाहतात, हे एका उदाहरणाने सांगतो. केबल गुंडाळणे हे सर्वांत क्षुल्लक काम समजले जाते. नवखा माणूस ती कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये दोरीसारखी गुंडाळतो, आतल्या तारांना पीळ बसतो आणि महिन्याभरात केबल मधेच मरते. जाणता माणूस एक वेढा सरळ आणि पुढचा वेढा मनगट आत वळवून उलटा घेतो, त्यामुळे दोन्ही पीळ एकमेकांना काढून टाकतात आणि टोक धरून फेकली की केबल गाठ न पडता सरळ पसरते. पहाटे साडेपाचला, सगळे पेंगुळलेले असताना, तीस मीटरची केबल अशा रीतीने गुंडाळणारा माणूस वीस फुटांवरूनही ओळखू येतो. मी स्वतः दोन जणांना केवळ एवढ्यावरून पुढच्या कामाला बोलावले आहे आणि दोघांनीही निराश केले नाही. (तिसऱ्याने केले, पण तो वेगळा विषय आहे.)

पेट्यांचेही तसेच आहे. ट्रकमध्ये शेवटी भरलेली पेटी आधी बाहेर येते, त्यामुळे ट्रक भरणाऱ्याला दुसऱ्या गावातल्या उद्याच्या सकाळचा क्रम आज रात्रीच डोक्यात ठेवावा लागतो. वर टांगायच्या साखळीच्या मोटरी आणि ट्रस, म्हणजे दिवे लावायच्या धातूच्या लांब चौकटी, आधी हव्यात, त्यांच्यावर बसणारे दिवे त्यानंतर, आणि जमिनीवरचे नेपथ्य जागा मोकळी झाल्यावर. पेटीवरच्या चिठ्ठीचा रंग कोणत्या विभागाचा आणि त्यावरचा आकडा कशासाठी, हे विचारून घ्या. चार रात्रींत आपल्याला अख्ख्या प्रयोगाची रचना कळेल आणि पेटी कुठे न्यायची हे दर वेळी सांगावे न लागणारा माणूस म्हणून आपली ओळख होईल. नुसत्या पाट्या टाकल्या, तर मात्र नव्वद रात्रींनंतरही आपण तिथेच असाल.

तरीही आपली भीती अगदीच निराधार नाही. ठेकेदारांकडे बहुधा वेगवेगळ्या याद्या असतात: सामान हलवणारे, दिव्यांचे, ध्वनीचे, व्हिडिओचे, सुतार, टांगणाऱ्यांचे मदतनीस. पहिल्या दिवशी ज्या यादीत नाव लागले, त्यातून ते कोणी आपणहून उचलून दुसरीकडे नेत नाही. त्यामुळे चार ओळींचा निरोप लिहा: इतक्या रात्री काम केले, अमुक कन्सोल चालवता येतात, दिवे टांगून योग्य जागी रोखता येतात, दिव्यांच्या कामाला माणूस हवा असल्यास माझे नाव धरावे. तोंडी सांगितलेले मालधक्क्यावरच हवेत विरते.

आता एक विषय की अनेक, याबद्दल. मोठ्या प्रयोगांत विभागांच्या सीमा काटेकोर असतात. अमेरिकेत रंगमंच-कामगारांची संघटना १८९३ पासून आहे, आणि जिथे अशा संघटनांचा प्रभाव आहे तिथे सुताराने दिव्याला किंवा दिवेवाल्याने ध्वनीच्या केबलला न विचारता हात लावणे हा मदत करण्याचा नव्हे, तर आगाऊपणाचा प्रकार समजला जातो. छोट्या नाट्यगृहात मात्र खिळा ठोकणारा हात आणि रात्री कन्सोलवरचा हात एकच असतो. माझे मत असे की, एका विषयात आपल्याला रात्री झोपेतून उठवून विचारले तरी उत्तर देता यावे, आणि बाकीच्यांत निदान समोरच्याची अडचण कळण्याइतकी ओळख असावी. प्रकाश हा आपला विषय असेल, तर बेकारीचे दिवस वाया घालवू नका. ईओएस आणि ग्रँडएमए या दोन्ही कन्सोलांची संगणकावर सराव करण्याजोगी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. दिवे जोडायचे असल्यासच पैशांचा प्रश्न येतो.

शेवटी एक प्रश्न मीच विचारतो, कारण तो आपल्या पत्रात कुठे दिसला नाही. आपल्याला प्रकाशयोजनाकार व्हायचे आहे की प्रकाश-तंत्रज्ञ? शिकताना दोन्ही एकाच माणसाने केल्यामुळे ते एकच वाटतात. मनोरंजनाच्या शहरात मात्र योजनाकार बहुधा बाहेरून येतो, काही आठवडे अंधारात बसून प्रयोग घडवतो आणि उद्घाटनानंतर निघून जातो. राहतो तो तंत्रज्ञ. आठवड्याला दहा प्रयोग आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर दिवे बदलण्याचे तेच संकेत त्याला वर्षात पाचशे वेळा द्यायचे असतात, आणि पाचशेवा प्रयोग पहिल्यासारखा दिसावा यासाठी रोज दुपारी झिजलेले, सरकलेले, रंग उडालेले सगळे दुरुस्त करून ठेवायचे असते. ज्याला या जपणुकीत गोडी वाटते त्याच्यासाठी असे शहर म्हणजे घबाड आहे. ज्याला दर वेळी नवे नाटक उभे करायचे आहे, तो इथे दोन वर्षांत कंटाळतो आणि दोष शहराला देतो. दुसऱ्या प्रकारात मोडत असाल, तर पोटासाठी वाटेल ते काम करा, पण वर्षातून निदान दोन नाटके छोट्या नाट्यगृहात स्वतःच्या नावावर करा.

दोर आणि कप्पी:

प्रमाणपत्रांचा मुद्दा माझ्या हद्दीतला असल्यामुळे त्यावर लिहितो. वजने टांगण्याच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत.

ती जाहिरात कशाची होती ते आपण लिहिलेले नाही, म्हणून दोन प्रकार वेगळे करतो. उंचीवर काम करताना पट्टा कसा बांधायचा, उचलणारा पाळणा कसा चालवायचा, प्रथमोपचार, विजेची मूलभूत सुरक्षितता, ही छोटी प्रशिक्षणे लगेच घ्या, कारण त्यांच्यावाचून अनेक ठिकाणी आपल्याला शिडीवर पायही ठेवू देणार नाहीत. मोठी प्रमाणपत्रे ही अनुभवाची मोजदाद असतात, अनुभवाला पर्याय नव्हेत. उत्तर अमेरिकेतल्या ईटीसीपी या मनोरंजन-तंत्रज्ञांच्या प्रमाणपत्र-योजनेच्या परीक्षेला बसण्यासाठी कामाचा अनुभव आधी दाखवावा लागतो. दोरावरून लटकून काम करणाऱ्यांसाठी असलेल्या इराटा या संघटनेच्या पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायचे, तर किमान बारा महिने आणि १००० तासांचे काम नोंदवहीत लिहिलेले असावे लागते, आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा मिळवावे लागते. अशा मार्गावर ‘आठवड्याभरात तज्ज्ञ व्हा’ म्हणणारी संस्था आपल्याला नेमके काय विकते आहे, हे ताडून पाहा.

आमच्या विभागात यायचे असेल तर आधी गणित पक्के हवे. २०० किलोचे वजन दोन दोरांनी एका बिंदूवर धरले आहे असे समजा. दोन्ही दोर सरळ उभे असतील, तर प्रत्येकावर १०० किलोचा ताण येतो. ते फाकवत नेऊन त्यांच्यातला कोन १२० अंशांचा केला की प्रत्येक दोरावर पूर्ण २०० किलो येतात. कोन १५० अंशांचा झाला की सुमारे ३८६. वजन तेच, दोर तेच, फक्त ते पसरट झाले. छत ठेंगणे आहे म्हणून दोर आडवे ओढणाऱ्या हुशार माणसाला हे माहीत नसते, आणि दोर तर बोलत नाही. शिवाय यंत्रे वर-खाली होताना बसणारा हिसका वेगळाच, म्हणून साहित्य ज्या ताणाला तुटते त्याच्या एका छोट्या हिश्शाएवढेच वजन त्यावर टाकायचे असते आणि माणूस उचलायचा असेल, तर तो हिस्सा आणखी कमी करायचा असतो.

प्रतिवजनावर वर-खाली होणाऱ्या बारांबद्दल, म्हणजे नेपथ्य टांगायच्या आडव्या नळ्यांबद्दल, एक गोष्ट सांगतो, कारण छोट्या नाट्यगृहांत गेलात तर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी गाठ पडेल. बार खाली असतो तेव्हा त्याला तोलणाऱ्या लोखंडी विटांची चौकट वर माळ्यावर असते. नेपथ्य टांगताना आधी ते बाराला बांधायचे आणि मग वर विटा चढवायच्या. काढताना आधी विटा उतरवायच्या आणि मग नेपथ्य सोडायचे. थोडक्यात, जादा वजन नेहमी जमिनीजवळच्या बाजूला. मी नवा असताना एका नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर घरी जायच्या घाईत आमच्यापैकी एकाने वरच्या माणसाचा होकार येण्याआधीच नेपथ्याच्या फ्लॅटची (चौकटीवरच्या सपाट भिंतीची) शेवटची गाठ सोडली. दोराचा ब्रेक क्षणभर धरून राहिला आणि मग घसरला. रिकामा बार वर जाऊन जाळीवर आदळल्याचा आवाज मला अजून आठवतो, आणि त्याच वेळी भिंतीलगत विटांची चौकट खाली येत होती. दोर सोडून मागे सरकण्याची अक्कल मला त्या क्षणी झाली एवढेच माझे नशीब. दोर पकडून ठेवला असता, तर तळवे तरी सोलले असते किंवा मीही वर गेलो असतो.

म्हणून ‘तिसरी घंटा’ यांच्या सल्ल्यात एक दुरुस्ती सुचवतो. त्यांनी म्हटल्याप्रमाणे सगळ्यांची ओळख ठेवा, पण टांगण्याच्या कामात ओळखीवर भागवू नका. ‘येते का?’ असे विचारले आणि पूर्ण येत नसेल, तर ‘येत नाही, पाहून शिकेन’ असे सांगा. आमच्यात या उत्तरामुळे कोणाचे काम गेलेले मी पाहिलेले नाही. येत नसताना ‘येते’ म्हटल्यामुळे गेलेली कामे मोजायला दोन्ही हातांची बोटे लागतील. आणखी एक: खिशात सुटे काहीही ठेवून वर चढू नका, आणि पाना दोरीने कमरेला बांधलेला असू द्या. बारा मीटरवरून पडलेला पाना जमिनीवर येईपर्यंत ताशी ५० किलोमीटरच्या वर गेलेला असतो.

कानसेन:

ध्वनीच्या बाजूने थोडे लिहिते, आणि जरा वेगळ्या सुरात.

छोट्या नाट्यगृहांबद्दल वर जी आपुलकी दिसते ती मलाही आहे, पण तिची किंमतही सांगायला हवी. ‘मानधन नाही, पण अनुभव मिळेल’ हे वाक्य मी पहिली तीन वर्षे ऐकले. त्या तीन वर्षांत माझा खर्च ज्या कामांनी भागवला ती कंपन्यांची अधिवेशने होती, जिथे व्यासपीठावर एक माणूस विक्रीचे आकडे वाचतो आणि समोर आठशे जण जेवणाची वाट पाहतात. नाट्यशिक्षण घेतलेल्यांना या कामाचा कमीपणा वाटतो. मलाही वाटायचा. पण बारा बिनतारी माइक एकाच सभागृहात, शेजारच्या सभागृहातल्या बारा माइकांशी न भांडता चालवायचे तर त्यांच्या रेडिओलहरी आधी आखाव्या लागतात, हे मी नाटकात शिकले नाही, अधिवेशनात शिकले. लांबट दालनात मागच्या रांगांसाठी लावलेल्या स्पीकरला उशीर द्यावा लागतो, हेही तिथेच कळले. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्या श्रोत्यापर्यंत व्यासपीठावरचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. तेवढाच उशीर मागच्या स्पीकरला दिला नाही, तर त्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि वक्ता तोतरा वाटतो. दुसऱ्या दिवशी नाटकात हेच ज्ञान वापरले, तेव्हा दिग्दर्शकाला वाटले की मी काहीतरी चमत्कार केला.

तेव्हा विनामोबदला काम करायचेच असेल, तर स्वतःच्या मनाशी मर्यादा घालून करा. ज्या नाटकात आपले नाव योजनाकार म्हणून लागणार आहे आणि ज्याची छायाचित्रे आपल्याला वापरता येणार आहेत, एवढ्यासाठीच. दुसऱ्याच्या योजनेचे दिवे फुकट टांगून देणे याला अनुभव म्हणत नाहीत.

कामाच्या नमुन्यांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगते, कारण चाळीस अर्जांत बहुधा इथेच चूक होत असावी. निळ्या-जांभळ्या प्रकाशातली वीस सुंदर छायाचित्रे पाहून तंत्रज्ञ नेमणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्यांतले आपले काय हे छायाचित्र सांगत नाही. त्याऐवजी एकाच नाटकाचा टांगणीचा नकाशा, दिव्यांच्या क्रमांकांची यादी आणि संकेतांची वही यांची दोन-तीन स्वच्छ पाने जोडा. मध्यरात्री अनोळखी माणसाला वाचता येईल अशी यादी जो बनवतो, त्याच्याबरोबर काम करावेसे वाटते. योजना दुसऱ्याची असेल तर त्याचे नाव लिहा. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. आणि जो प्रयोग अजून उघडलेला नाही त्याचे एकही छायाचित्र कुठे टाकू नका, मागच्या भिंतीचेसुद्धा नाही. एवढ्या कारणावरून आयुष्यभरासाठी दार बंद झालेली माणसे मला ठाऊक आहेत.

पैशांबाबत: कामाचे तास, जादा तासांचा दर, काम ऐनवेळी रद्द झाल्यास काय मिळणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे होकार देण्यापूर्वी लिहून घ्या. माझे एका आयोजकाकडे सहा आठवड्यांचे पैसे अडकले होते, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून होता फक्त ‘उद्या लवकर ये’ असा निरोप.

शेवटी कानांबद्दल, आपण दिव्यांचे असलात तरी. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. जलशात स्पीकरच्या शेजारी दिव्याची केबल धरून उभे राहणाऱ्याला कोणी कानातले बूच आणून देत नाही. स्वतःचे घ्या.

विंगेतला नवखा:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगण्याजोगे काही घडल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

ठेकेदाराला निरोप लिहिला. आठ दिवस काही नाही, आणि मग एका संध्याकाळी दिव्यांच्या कामासाठी बोलावणे आले. चोवीस फिरते दिवे ट्रसवर लावायचे होते आणि त्यांना क्रमांक देण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक दिव्याला १६ चॅनेल, म्हणजे वळणे, उजेड, रंग अशा हुकुमांसाठी एकेक क्रमांक, लागत असल्यामुळे पहिला १ वर, दुसरा १७ वर, तिसरा ३३ वर, असे मी पेटीवर कागद ठेवून लिहून घेतले. कन्सोलचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या डीएमएक्सच्या एका ओळीत ५१२ चॅनेल असतात, म्हणजे बत्तीस दिवे बसतात, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. ट्रस नऊ मीटर वर गेली आणि सातवा दिवा वेड्यासारखा वागू लागला. सगळे डावीकडे वळले की तो विझायचा. क्रमांक ९७ बरोबर होता, पण तो दिवा १६ ऐवजी २४ चॅनेलच्या पद्धतीवर राहिला होता, त्यामुळे वळण्याचा हुकूम त्याला उजेडाचा वाटत होता. क्रमांक टाकताना पद्धत तपासायची राहिली हे मला खालूनच कळले, आणि कोणी विचारण्याआधी मी ते हेडसेटवर सांगून टाकले. ट्रस खाली आणून परत वर न्यायला अकरा मिनिटे लागली. तेवढा वेळ वीस माणसे हाताची घडी घालून उभी होती. प्रमुख बाई काहीच बोलल्या नाहीत. पहाटे निघताना म्हणाल्या, “शनिवारी रिकामा आहेस का?”

त्या शनिवारनंतर त्यांनीच एका करमणूक उद्यानातली जागा सुचवली आहे. पंचवीस मिनिटांचा एकच प्रयोग, दिवसाला सहा वेळा, आठवड्याचे पाच दिवस, दिवे आणि ध्वनी दोन्ही मीच चालवायचे. पगार नियमित आहे. ‘तिसरी घंटा’ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही, त्यामुळे ही जागा घ्यावी की नाही हे ठरत नाही.

तिसरी घंटा:

घ्या. ते उत्तर बसल्या जागी सापडत नाही. आठवड्याला तोच प्रयोग तीस वेळा चालवल्यावर दोन-तीन महिन्यांत आपल्याला कळेल की एकतिसाव्याला आपण कंटाळतो आहोत की तो अधिक नेटका कसा होईल याचा विचार करतो आहोत.

होकार देण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी विचारून घ्या. एक म्हणजे दिव्यांची देखभाल आपल्याकडे असेल की बाहेरच्या माणसाकडे. आपल्याकडे असेल तर उत्तम, कारण फिरता दिवा उघडून त्याचा पंखा, पट्टे आणि भिंगे साफ करायला कोणत्याही अभ्यासक्रमात इतका वेळ मिळत नाही. दुसरे म्हणजे सुटीच्या दिवशी इतरत्र काम करायला करारात मनाई आहे का. असेल आणि ते ती काढायला तयार नसतील, तर मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहून देऊ नका. त्या बाईंच्या फोनमध्ये आपले नाव आत्ताच गेले आहे, ते वर्षभर न वापरता ठेवण्याची ही वेळ नाही.

सातव्या दिव्याचे म्हणाल, तर पुढच्या वेळी ट्रस कमरेइतकी उंच असतानाच सगळे दिवे एकदा डावीकडे, उजवीकडे, पूर्ण उजेड आणि अंधार असे फिरवून पाहायला मागा. दोन मिनिटे लागतात आणि कोणी नाही म्हणत नाही.

आणि उद्यानात पहिल्या दिवशी आधीच्या माणसाची वही मागून घ्या. संकेतांची नव्हे, बिघाडांची. पाऊस पडला की कोणते सर्किट उडते, दुपारच्या उन्हात कोणता दिवा तापून बंद पडतो, माइकमध्ये खरखर नेमकी कोणत्या प्रवेशात येते, हे सगळे त्यात असेल. नसेल तर पहिले पान आपण लिहा.